शुगर 'बरी' होते की फक्त गप्प बसते?

मोबाइलवर अंगठा सरकवला की दर चौथ्या व्हिडिओत कुणीतरी सांगत असतं, 'नव्वद दिवसांत मधुमेहातून मुक्त व्हा, गोळ्या कचऱ्यात टाका.' दुसरीकडे, हा आजार एकदा लागला की जन्माचा सोबती, गोळ्या वाढतच जाणार, हे ऐकत आपल्यातले बहुतेक लहानाचे मोठे झालो. दोन्ही बाजू सारख्याच ठामपणे बोलतात, आणि रिपोर्ट हातात घेऊन बसलेला माणूस मधल्यामध्ये गोंधळतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर खरोखर नवं असं बरंच कळलंय. ते जाहिरातवाल्यांना वाटतं तेवढं सोपं नाही, आणि जन्माचा सोबती म्हणणाऱ्यांना वाटतं तेवढं निराशही नाही. पण ते समजून घ्यायचं तर आधी साखर बाजूला ठेवून चरबीकडे बघावं लागेल.

हा लेख फक्त टाइप टू मधुमेहाबद्दल आहे. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तिथे आहार कितीही सुधारला तरी इन्सुलिन बंद करता येत नाही. बंद केलं तर जीव जातो. ज्या व्हिडिओत हा फरक सांगितलेला नाही, तो तिथेच बंद करावा.

रक्तातली एक चमचा साखर

रिपोर्टवर 'फास्टिंग ९०' लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. गुणाकार केला तर उत्तर येतं साडेचार ग्रॅम. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा साखर! उपाशीपोटी आकडा १२६ किंवा त्यावर गेला, आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, की मधुमेह म्हणतात. १२६ म्हणजे सव्वासहा ग्रॅम. निरोगी आणि मधुमेही यांच्यातला उपाशीपोटीचा फरक अर्धा चमचाही नाही.

आता जेवणाकडे बघू. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या भातात चाळीस ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. कर्बोदकं म्हणजे साखर आणि पिठूळ पदार्थ यांचं एकत्र नाव. पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, ही ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. जिभेला ती गोड लागत नाही, पण पोटात माळ तुटते आणि मणी सुटे होतात. म्हणजे त्या भातातून सगळ्या रक्तात मिळून असते त्याच्या जवळपास दहापट साखर एक-दोन तासांत रक्तात शिरते. ब्रेड, बटाटा, नूडल्स यांचंही तेच. 'मी साखर खातच नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा' असं म्हणणाऱ्या माणसाची शुगर तरीही का वाढते, याचं उत्तर या हिशोबात आहे.

एवढा माल आला आणि तरी आकडा फार हलला नाही, तर कुणीतरी तो भराभर उचलून आत ठेवतंय हे उघड आहे. हे काम इन्सुलिनच्या हुकमावर चालतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, आणि ते स्नायूंना, यकृताला आणि चरबीच्या पेशींना सांगतं, 'माल आलाय, आत घ्या.'

भरलेला माळा

इन्सुलिन ही किल्ली, पेशीचं दार हे कुलूप, आणि मधुमेहात कुलूप गंजतं, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. चुकीचं नाही. पण कुलूप गंजलं कशामुळे, हे त्यातून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही.

त्यापेक्षा घराचं उदाहरण घेऊ. रोज लागणारं सामान स्वयंपाकघरातल्या डब्यांत. डबे भरले की उरलेलं माळ्यावर. माळाही भरला की? मग पलंगाखाली, जिन्यात, दारामागे. एक दिवस असा येतो की नवं सामान घेऊन आलेल्या माणसाला घरात पाऊल ठेवायला जागा नसते आणि तो पिशव्या घेऊन दारातच उभा राहतो.

शरीरातले डबे म्हणजे ग्लायकोजेन, ग्लुकोजचा जवळचा साठा. यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम मावतो, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. ते भरले की यकृत जादा ग्लुकोजची चरबी करतं आणि ती माळ्यावर, म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या पेशींत, पाठवतं. जागा आहे तोवर तिथली चरबी फारसा त्रास देत नाही. पण प्रत्येकाच्या माळ्याचा आकार वेगळा असतो, बहुतांशी जन्माने ठरलेला. तो भरला की चरबी नको तिथे साचायला लागते. आधी खुद्द यकृतात, मग स्वादुपिंडात.

चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. एरवी रात्री आपण जेवत नाही तेव्हा मेंदूची सोय म्हणून यकृत थोडंथोडं ग्लुकोज रक्तात सोडत असतं, आणि पुरेसं झालं की इन्सुलिन त्याला थांबवतं. चरबीने भरलेलं यकृत थांबत नाही. 'रात्री नुसतं सूप पिऊन झोपलो, मग सकाळी शुगर १६० कशी?' हा प्रश्न कित्येकांना छळतो. ती साखर रात्रीच्या सूपमधून आलेली नसते, आपल्याच यकृताने पहाटेपर्यंत बनवलेली असते.

यकृत ऐकत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. जास्त इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी तयार होते. तिथली जादा चरबी रक्तावाटे स्वादुपिंडात पोचते आणि बीटा पेशी मंदावतात. इन्सुलिन कमी पडायला लागतं आणि रक्तातली साखर आणखी चढते. एकमेकांना ढकलणाऱ्या या दोन चाकांची कल्पना इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातले डॉक्टर रॉय टेलर यांनी २००८ साली मांडली. तिला 'जुळं चक्र' म्हणता येईल. मुद्दा असा की बीटा पेशी सगळ्या मेलेल्या नसतात. चरबीच्या ओझ्याखाली त्यातल्या बऱ्याच जणी काम टाकून बसलेल्या असतात. आणि हे खरं असेल, तर ओझं उतरवल्यावर त्या उठायला हव्यात.

सात दिवस

टेलर यांनी हे तपासलं ते फक्त ११ माणसांवर. सगळ्यांना टाइप टू मधुमेह, तोही चार वर्षांच्या आतला. आठ आठवडे दिवसाला साधारण ६०० कॅलरी: बहुतेक पेयाच्या रूपात, जोडीला थोड्या भाज्या. निकाल २०११ मध्ये छापून आला. पहिल्या सात दिवसांतच उपाशीपोटीची साखर निरोगी माणसांइतकी खाली आली होती. आठ आठवड्यांत यकृतातली चरबी सुमारे १३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर उतरली. स्वादुपिंडातली चरबी हळूहळू कमी होत गेली, आणि तिच्यासोबत इन्सुलिनचा जेवणानंतरचा पहिला जोर परतला.

तसं हे निरीक्षण फार जुनं आहे. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला होता, शहरात अन्नाचा तुटवडा होता, आणि बूशार्दा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना दिसलं की त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतून साखर जायची थांबली आहे. पुढे वजन घटवण्यासाठी जठराच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर सर्जन लोकांनाही तेच दिसलं: वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत, शुगर जाग्यावर. आपण मात्र मधली शंभर वर्षं गोळ्या-इंजेक्शनांच्या मागे होतो, त्यामुळे या गोष्टीकडे जरा उशिराच वळून बघितलं.

अकरा माणसांवरून जगाला सल्ला देता येत नाही. म्हणून स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या ईशान्य भागात मोठी चाचणी झाली. तिचं नाव 'डायरेक्ट'. सुमारे ३०० माणसं, आजार सहा वर्षांच्या आतला, कुणीही इन्सुलिनवर नाही. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करून तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरीचं पेय, मग हळूहळू नेहमीचं अन्न.

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा: रेमिशन. औषध न घेता साखर मधुमेहाच्या रेषेखाली राहणं म्हणजे रेमिशन. २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांनी मिळून व्याख्या ठरवली: साखरेची सगळी औषधं बंद करून किमान तीन महिने झालेले, आणि तरी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली. (एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी, लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना जितकी साखर चिकटते तेवढी ती मोजते.) 'डायरेक्ट'मध्ये ही मुदत दोन महिन्यांची होती.

वर्षाअखेर पेयवाल्या गटातल्या ४६ टक्के लोकांना रेमिशन मिळालं होतं, नेहमीच्या उपचारांतल्या ४ टक्क्यांना. पण मला त्याहून बोलका वाटतो तो वजनावरून केलेला तपशील. वजन वाढलेल्यांत रेमिशन एकालाही नाही. पाच किलोपर्यंत घटलेल्यांत ७ टक्के. पाच ते दहा किलोवाल्यांत ३४ टक्के, दहा ते पंधरावाल्यांत ५७. आणि ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त उतरवलं, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांना. जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात इतकं सरळ. फक्त पंधरा किलोपर्यंत पोचले मात्र चौघांतला एकच.

मग कर्बोदकं कमी करायची कशाला?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. घरात येणारं सामान कमी करणं ही एक गोष्ट. माळा रिकामा करणं ही दुसरी. कर्बोदकं कमी केली की पहिली होते, आणि ताबडतोब होते. आज दुपारी ताटातला भात निम्मा केला तर दोन तासांनी ग्लुकोमीटर खाली दिसेल. दारात पिशव्याच कमी आल्या, गर्दी कमी. पण पलंगाखालचा पसारा जिथल्या तिथे आहे. वजन न उतरवता नुसती कर्बोदकं कमी केलेल्या माणसाची शुगर महिनोन् महिने छान दिसू शकते; मग एखाद्या लग्नात पोटभर भात खाल्ला की मीटर पुन्हा २२० दाखवतो. त्याची शुगर गप्प बसली होती. आतली दुरुस्ती चरबी उतरल्यावरच सुरू होते.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. 'डायरेक्ट'मधल्या पेयात निम्म्याहून जास्त ऊर्जा, जवळपास ५९ टक्के, कर्बोदकांतूनच यायची. म्हणजे ते 'लो-कार्ब' नव्हतंच की, असं म्हणून लो-कार्बचे विरोधक ही चाचणी मिरवतात. पण हिशोब करा: ८४० कॅलरीतले ५९ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे १२५ ग्रॅम कर्बोदकं. आणि वैद्यकात दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला लो-कार्ब म्हणायची पद्धत आहे. ५० च्या खाली गेलं की अतिशय कमी, म्हणजे कीटो वगैरे. टक्केवारीवरून भांडणारे दोन्ही पक्ष ग्रॅममध्ये एकाच पानावर निघतात, याची मला गंमत वाटते.

मग लो-कार्बचा खरा फायदा काय? माझ्या मते भूक. प्रथिनं आणि भाज्या वाढल्या, साखरेचे चढउतार कमी झाले, की बऱ्याच लोकांना मधल्या वेळची खा-खा कमी होते, आणि कॅलरी न मोजताही खाणं घटतं. म्हणजे सामान कमी आणतानाच माळाही हळूहळू उतरायला लागतो. २०२१ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणणारे लो-कार्ब गटात ५७ टक्के निघाले, इतर आहारांत ३१. पण हा आकडा औषधं चालू असलेल्यांनाही धरून होता; औषधाशिवायचेच मोजले तर फरक लहान होतो. आणि बारा महिन्यांपर्यंत दोन्ही गटांतलं अंतर बरंच मिटत गेलं. पथ्य सहा महिने पाळता येतं; वर्षभर पाळायचं तर ते आवडावं लागतं.

म्हणून कोणता आहार 'सर्वोत्तम' हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. वजन उतरवणारा आणि तुम्हाला दहा वर्षं झेपणारा, असा कुठलाही. कर्बोदकं कमी करणं हा त्यातला एक चांगला, अनेकांना सोयीचा रस्ता.

ताटात काय बदलतं

सुरुवात प्यायच्या गोष्टींपासून करावी, कारण कमी त्रासात जास्त फायदा तिथे होतो. गोड पेयं, आणि हो, फळांचा रससुद्धा. चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत संपतो. चार संत्री सोलून खायला बसलं तर दुसऱ्यातच पोट भरतं. मग पिठूळ पदार्थांची जागा निम्मी करायची आणि रिकामी झालेली जागा पालेभाज्या, फळभाज्या, कडधान्यं, अंडी, मासे, मांस, दही, टोफू यांनी भरायची. कडधान्यांत कर्बोदकं असतात, पण सोबत तंतू आणि प्रथिनंही असतात, त्यामुळे साखर सावकाश चढते, मापात चालतात. बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा मीटरला आवडतो, वजनकाट्याला नाही. मूठ म्हणजे मूठच. आणि 'शुगर-फ्री' लिहिलेलं बिस्किट शेवटी मैद्याचंच असतं.

इथे एक छोटासा प्रयोग कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त शिकवतो. जेवायच्या आधी बोट टोचायचं, आकडा लिहायचा. पहिल्या घासापासून दोन तास झाले की पुन्हा टोचायचं. बोटाच्या टोकाला नको, बाजूला. तिथे कमी दुखतं. हात आधी साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायचे, कारण बोटावर फळाचा रस राहिला असेल तर मीटर तुमची नव्हे, फळाची साखर मोजतो. आठवडाभर असं केलं की कुठला पदार्थ आपल्याला चढतो हे स्वतःच्याच अक्षरात वहीत दिसतं. दोन माणसांच्या वह्या सारख्या येत नाहीत.

व्यायामाने एकट्याने फार वजन उतरत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. पण इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचललं जाणारं बहुतांश ग्लुकोज स्नायूच घेतात. स्नायू जितके वापरात, तितके डबे रिकामे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल मीटरवर लगेच दिसते. आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून वजनं उचलण्यासारखा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं हवीतच.

'पण मी तर बारीक आहे'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. मधुमेह जाड माणसांना होतो, मी तर काटकुळा, मग मी वजन कुठून उतरवू?

माळ्याची गोष्ट आठवा. माळा लहान असेल तर थोड्याच सामानात भरतो. दोन माणसं एकाच वजनाची, एकाच उंचीची असतील. एकाची कातडीखालची साठवण मोठी, दुसऱ्याची लहान. दुसऱ्याच्या यकृतात चरबी आधी शिरेल. आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनावर मधुमेह होतो, त्यामागेही बहुधा हेच कारण आहे. न्यूकॅसलच्याच गटाने २० जणांवर हे तपासलं. त्यांचं सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या आतच होतं. जाड म्हणावं असं कुणी नव्हतं. सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं आणि २० पैकी १४ जणांना रेमिशन मिळालं. ७० किलोच्या माणसाला सात किलो. स्वतःला बारीक समजणाऱ्याने आरशापेक्षा पंचविशीतल्या पँटचा कमरेचा घेर आठवून बघावा.

मात्र खरोखरच बारीक असलेल्या, वजन आपोआप घटत चाललेल्या, सारखी तहान लागणाऱ्या माणसाने लो-कार्बच्या नादी लागू नये. हा उशिरा आलेला टाइप वन असू शकतो, किंवा स्वादुपिंडाचाच काही आजार. त्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत.

'मेंदूला साखर लागते ना?'

लागते. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. पण ती खाल्लीच पाहिजे असं नाही. यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं, आणि कर्बोदकं फार कमी झाली तर चरबीपासून कीटोन बनवतं. मेंदू त्यावरही चालतो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, गळून जाणं होतं, त्याचं बरंचसं कारण पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडतं हे असतं.

हृदयाची काळजी जास्त रास्त आहे. भात-ब्रेड काढून त्या जागी लोणी आणि चरबीदार मांस भरलं तर काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच वाढतं. तीन महिन्यांनी तपासावं. वाढलं तर तेल, मासे, सुका मेवा याकडे वळावं. आणि एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी: अमेरिकेत पाच हजारांवर मधुमेही लोकांवर वजन घटवण्याची एक मोठी चाचणी झाली. ती २०१२ मध्ये थांबवली तेव्हा वजन, साखर, रक्तदाब सगळं सुधारलेलं होतं, पण हृदयविकाराचे झटके मात्र ठळकपणे कमी झाले नव्हते. रेमिशन मिळालं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने सोडू नये.

'वजन परत आलं तर?'

तर मधुमेहही येतो. बहुतेक वेळा येतोच. 'डायरेक्ट'मध्ये दोन वर्षांनी रेमिशन ३६ टक्क्यांवर आलं. पुढे पाच वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांच्यात ते १३ टक्के उरलं. जाहिरातींत पहिल्या वर्षाचा आकडा असतो, पाचव्याचा नसतो.

याला इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. वजन घटलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. भुकेची संप्रेरकं वाढतात, शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं, आणि ही ओढ महिन्यांत संपत नाही, वर्षानुवर्षं राहते. म्हणून वजन उतरवण्याच्या तीन महिन्यांपेक्षा नंतरच्या तीन वर्षांची योजना आधी करायला हवी: दर आठवड्याला एकाच दिवशी वजन, आणि दोन-तीन किलो चढले की काय करायचं हे आधीच ठरवून कागदावर लिहिलेलं.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शनं भूक कमी करून वजन उतरवतात, साखरही आटोक्यात आणतात. काही लोक त्यांना पळवाट म्हणतात. मला नाही वाटत; माळा कुणाच्या मदतीने रिकामा केला याने माळ्याला फरक पडत नाही. पण मधुमेह नसलेल्या लोकांच्या एका चाचणीत सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. शिवाय इंजेक्शन चालू असताना साखर कितीही छान असली तरी व्याख्येप्रमाणे ते रेमिशन नव्हे.

ताट बदललं त्या दिवशीच गोळ्या

हा भाग वाचल्याशिवाय वरचं काहीही करू नये.

काही औषधं साखर किती खाल्ली हे न बघता इन्सुलिन वाढवतात: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्या घरातली नावं. खुद्द इन्सुलिनही त्यातच. कर्बोदकं निम्मी केली आणि डोस तोच ठेवला तर दुसऱ्याच दिवशी शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, मग बेशुद्धी. म्हणून ताट बदलायच्या आधी डॉक्टरांकडे जायचं, नंतर नाही.

दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरेंचा, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारा. या गोळ्या चालू असताना कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात कीटोन साचून रक्त आम्ल होऊ शकतं. फसवं असं की त्या वेळी मीटर फारसा मोठा आकडा दाखवत नाही. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागणं, आणि शुगर मात्र १८०. असं झालं तर थेट रुग्णालय. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीला यातला कुठलाच धोका सहसा नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही बऱ्याचदा कमी करावा लागतो, नाहीतर उठताना चक्कर येते.

वर्षानुवर्षं खूप वर असलेली साखर एकदम खाली आणली तर डोळ्याच्या पडद्यावरचा आधीचा बिघाड काही काळ वाढू शकतो. तेव्हा आधी डोळे तपासून घ्यावेत. गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, खाण्याबाबतचे मानसिक आजार, यांत हा मार्ग आपल्या आपण धरायचाच नाही.

उशीर झाला असेल तर

बीटा पेशी फार काळ ओझ्याखाली राहिल्या तर त्यातल्या काही पुन्हा उठत नाहीत. निदान होतं तेव्हाच त्यांची क्षमता साधारण निम्मी गेलेली असते, आणि पुढे घटत जाते. म्हणून आजार जितका ताजा तितकी संधी मोठी. कतारमध्ये झालेल्या एका चाचणीत आजार तीन वर्षांच्या आतला आणि माणसं पन्नाशीच्या आतली होती. तिथे वर्षभरात ६१ टक्क्यांना रेमिशन मिळालं. दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहात, विशेषतः इन्सुलिन चालू असेल तर, शक्यता बरीच कमी. पण त्यांचाही डोस उतरतो, गुडघे हलके होतात, यकृत सुधारतं. चार गोळ्यांच्या दोन झाल्या तर त्याला अपयश म्हणणारे लोक बहुधा स्वतः गोळ्या घेत नसतात.

रेमिशन मिळालेल्यांच्या फाइलवर 'मधुमेह नाही' असं लिहायचं नसतं. 'मधुमेह, रेमिशनमध्ये' असं लिहायचं असतं, आणि त्याला व्यावहारिक कारण आहे. फाइल कोरी झाली की वर्षाची एचबीएवनसी, डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, पायांची संवेदना या तपासण्यांची आठवण कुणी करून देत नाही. न्यूमोनियासाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड लिहून देणाऱ्या नव्या डॉक्टरला तर त्या कोऱ्या फाइलवरून काहीच कळणार नाही, आणि स्टेरॉइडने दोन दिवसांत तीच जुनी शुगर तीनशेवर जाऊ शकते.